किसन गांगुर्डे आणि एसीचा षड्ज

किसन गांगुर्ड्याला नाटकात पहिल्यांदा घेतलं ते संगीत द्यायला नव्हे, एसी बंद करायला. आज दोह्यात त्याच्या नावावर सहा नाटकांचं आणि तीन लघुपटांचं संगीत जमा आहे. तिथल्या मराठी मंडळाची माणसं पाहुण्यांना "हे आमचे संगीतकार" अशी ओळख करून देतात आणि वर असा चेहरा करतात, की जणू त्यांनीच त्याला हुडकून काढला. म्हणून खरं काय झालं ते एकदा नीट सांगून टाकलेलं बरं.

मे महिन्यातला शुक्रवार होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री. मंडळाने एका शाळेचं सभागृह भाड्याने घेतलं होतं आणि तीन अंकी नाटक लावलं होतं. दिग्दर्शक देवव्रत सर गॅस कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, राहायला मदिनत खलीफात, मूळचे पुण्याचे. त्यामुळे सूचना थोड्या आणि दुरुस्त्या फार. शेवटच्या अंकात नायिका सात मिनिटं एकटी बसून वडिलांचं पत्र वाचते. तिथे सरांना शांतता हवी होती आणि सभागृहाचा जुना एसी तर अखंड घुमत होता. मग त्या सभागृहाचा मेंटेनन्स ज्याच्याकडे होता त्या किसनला बोलावून सांगण्यात आलं, की खूण केली की एसी बंद करायचा, दुसरी खूण केली की चालू.

किसनने केला बंद. दोन मिनिटांत सभागृह कोंदलं. तिसऱ्या मिनिटाला कार्यक्रमपत्रिकांचे पंखे झाले आणि त्यांची फडफड एसीच्या वरताण निघाली. पाचव्या मिनिटाला पहिल्या रांगेतले एक काका कोटाची बटणं सोडत उठले, त्यांच्या मागे त्यांचं सगळं कुटुंब उठलं, आणि नायिका बिचारी पत्रातलं मरण वाचत असताना लोक दाराशी गर्दी करून उभे राहिले. नाटक संपल्यावर सर किसनवर असे तडकले, की दोह्यातलं ऊन जणू त्यानेच सोडलं होतं.

किसन ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "सर, त्याच्याशी भांडून उपयोग नाय. तो एकाच सुरात बोलतोय. पेटीची पांढरी पाच, केसभर वर. तुमची माणसं दुसऱ्याच सुरात बोलतात, म्हणून तो कानाला खुपतो."

एसीवाल्याच्या तोंडून पांढरी पाच ऐकायची सरांची तयारी नव्हती.

किसन येवल्याजवळच्या अंदरसूलचा. त्याच्या मामांची आधी सनई-चौघड्याची पार्टी होती, पुढे ब्रास बँड झाला. नवव्या वर्षी मामांनी त्याला हाताशी घेतलं आणि सूर धरायला बसवलं. मामा सनईवर वाटेल तिकडे फिरून यायचे, ह्याने मात्र मागे बसून एकच सूर धरायचा, गाल दुखेपर्यंत. तीन वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. त्यानंतर हातात क्लॅरिनेट आलं आणि पोराला कंठ फुटला. पण पुढे डीजे आले, भिंतीएवढाले स्पीकर आले आणि वरातीतनं बँड हद्दपार झाले. किसनने आयटीआयमध्ये एसी-फ्रिजचा कोर्स केला, नीताशी लग्न केलं आणि दोन हजार सोळा साली तिला गावी ठेवून कतार गाठलं. टॉवेलात गुंडाळलेलं क्लॅरिनेट बॅगेत होतं. विमानतळावरच्या माणसाने ते काळे नळे काढून संशयाने पाहिले, तेव्हा किसनने तिथल्या तिथे सांधे जोडले आणि एक ओळ वाजवून दाखवली. त्या माणसाने हसून "यल्ला, यल्ला" म्हणत पुढे घालवलं.

खोलीत सहा जण. तिथे वाजवायची सोय नव्हती. मग जेवणाच्या सुट्टीत तो प्लांट रूममध्ये दार लावून वाजवायचा. यंत्रांच्या घरघरीत बाहेर काही ऐकू जायचं नाही. दोन वर्षं असं वाजवून त्याला एक गोष्ट कळली होती. यंत्राच्या सुराला सा मानून वाजवलं, की यंत्र नाहीसं होतं. सूर चालूच असतो, पण कान त्याला आवाज म्हणत नाही, तंबोरा म्हणतो.

हे त्याने देवव्रत सरांना समजावून सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं. पण त्या नाटकाची नायिका नमिता हिला गाण्याचं अंग होतं. ती दुखानच्या टाउनशिपमध्ये राहणारी, नवरा गिरीश तेलाच्या कंपनीत. तिने किसनला क्लॅरिनेट घेऊन यायला लावलं. पुढच्या शनिवारी रिकाम्या सभागृहात एसी पूर्ण चालू ठेवून किसन विंगेत उभा राहिला. सूर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे पडत होता, म्हणून त्याने क्लॅरिनेटचा सांधा थोडा ओढून सूर बरोबर त्यावर उतरवला. नमिताने पत्र वाचलं, किसनने तिच्या दोन वाक्यांच्या मधल्या जागा भरल्या. सर शेवटच्या रांगेत बसले होते. सात मिनिटांनी ते उठून पुढे आले आणि त्यांनी विचारलं, की एसी कधी बंद केला.

पुढच्या प्रयोगाला लोक रडले. कोट घालूनच रडले. कार्यक्रमपत्रिकेत मात्र छापून आलं, ‘वातानुकूलन : श्री. किसन’. आडनावसुद्धा नाही. किसनने तो कागद नीताला पाठवला. नीता संतापली, हा म्हणाला, नाव तरी आलं ना.

अशी सुरुवात झाली आणि मग थांबली नाही. दुसऱ्या नाटकाला ‘संगीत साहाय्य’ झालं. कोणाचं साहाय्य, ते विचारायचं नाही. तिसऱ्या नाटकापासून आडनाव आलं. किसनची पद्धत ठरून गेली होती. नाटक हातात आलं, की आधी सभागृहात जायचं, डोळे मिटून एसीचा सूर धरायचा, आणि मग सा सोडून बाकीच्या सुरांत चाल बांधायची. सा कशाला वाजवायचा? तो तर फुकटात मिळतोय.

मग नमिताने लघुपट काढला. तिच्याच स्वयंपाकघरात, चौदा मिनिटांचा. संवादांखाली फ्रिज आणि एसी दोन्ही घुमत होते आणि पुण्याचा एडिटर म्हणत होता, की ते पुसलं तर त्यातल्या बायकांचे आवाज डब्यातून आल्यासारखे होतील. किसन म्हणाला, पुसू नका. त्याने त्यावरच संगीत बांधलं. नाटकात नट अडखळला तर सूर लांबवता येतो. सिनेमात चित्र कोणासाठी थांबत नाही, हे त्याला तेव्हा शिकावं लागलं. घड्याळ लावून वाजवणं त्याला जमेना. मग त्याने बँडवाल्याची युक्ती काढली. टीव्हीसमोर उभं राहून जागच्या जागी चालायचं. हा सीन चाळीस पावलांचा, तो साठ पावलांचा. नमिताच्या दिवाणखान्यात हा माणूस कदमताल करत क्लॅरिनेट वाजवतोय हे बघून गिरीशला हसू आवरत नसे, पण सूर मात्र चित्रावर अचूक येऊन पडत. त्या लघुपटाचं कौतुक झालं, त्यातल्या संगीताचं विशेष झालं. दुसरा लघुपट आला. किसन गांगुर्डे हे नाव दोह्याबाहेर पार अल खोरपर्यंत पोचलं.

एवढं होऊनही किसनच्या मनात एक कुसळ होतं आणि ते त्याने कोणाला दाखवलं नव्हतं. आपण खरंच संगीतकार आहोत, की एसीचा सूर ओळखणारा हुशार मेकॅनिक? मंडळात कोणीतरी थट्टेने म्हणालंही होतं, की किसनरावांच्या संगीतात अर्धा वाटा कॉम्प्रेसरचा. सगळ्यांबरोबर तोही हसला होता. पण ते वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

आणि मग ती स्पर्धा आली. आखातातल्या मराठी मंडळांची एकांकिका स्पर्धा, त्या वर्षी दोह्यात. दुबई, मस्कत, कुवेत, बहरीन, सगळे येणार. देवव्रत सरांनी स्वतः लिहिलेली एकांकिका होती. दोह्यातल्या दोन बहिणी, आई गेल्याचा फोन आलाय आणि विमान पाच तासांनी आहे. त्या पाच तासांत त्या बॅग भरतात, वजन करतात, काढतात, पुन्हा भरतात. थोरली बहीण नमिता. या वेळी पत्रिकेत काही कमीजास्त न करता छापलं होतं, ‘संगीत : किसन गांगुर्डे’. ते वाचून किसनने पत्रिकेची घडी केली आणि टॉवेलात क्लॅरिनेटशेजारी ठेवली.

सभागृह नवं होतं, मोठं होतं आणि स्पर्धेच्या दिवसाआधी आत पाय ठेवायला मिळणार नव्हता. किसनने डोकं चालवलं. तिथल्या मेंटेनन्सला उस्मान होता, रायगडातल्या म्हसळ्याचा, त्याचा जुना दोस्त. त्याला फोन करून यंत्रांची सगळी माहिती काढली. मोटर केवढी, पंखा केवढा, फिरतो किती. त्यावरून किसनने सूर अंदाजला आणि चाल बांधली. आजवरची सगळ्यात चांगली चाल होती ती. नीताला फोनवर ऐकवली तर ती म्हणाली, छान आहे, पण अर्धवट वाटतंय. किसन हसला. फोनमधनं एसीची घरघर जात नाही, म्हणून तुला तसं वाटतंय, असं त्याने तिला समजावलं.

स्पर्धेच्या शुक्रवारी सकाळी अकराला त्यांना सभागृह दाखवायला नेलं. किसन आत शिरला आणि जागीच थांबला. आत काहीच आवाज नव्हता. थंडगार हवा होती, पण आवाज नव्हता. त्याने यंत्राची चौकशी केली होती, सभागृहाची केलीच नव्हती. यंत्रं खाली तळघरात, त्यांच्यापासून निघालेल्या नळ्यांना आतून जाड अस्तर, आणि हवा इतक्या हलक्या पावलांनी यायची, की कोणाला कळू नये. देवव्रत सर हरखून गेले. आयुष्यभर ज्या शांततेसाठी ते भांडले ती आयती समोर आली होती.

किसनने वाजवून पाहिलं. फोनवर बोलणाऱ्या माणसाचं एकाच बाजूचं बोलणं ऐकू यावं तसं ते वाटलं. सूर गंधारावरून निघत, फिरत, आणि कुठे टेकायचं ते न कळून परत येत. नीताचं म्हणणं खरं होतं. ती अडीच हजार किलोमीटरवरून जे ऐकत होती तेच आता सगळे ऐकत होते.

गिरीशने फोनवरचा तंबोरा लावून दिला. तो स्पीकरमधून इतका सुरेख वाजला, की आता कोणीतरी शाल पांघरून बैठकीला बसणार असं वाटायला लागलं. आई मेलेल्या दोन मुली बॅग भरतायत आणि मागे मैफलीची तयारी, म्हणून नमितानेच नको म्हटलं. किसनने सा स्वतः वाजवून पाहिला, तर चालीतली सगळी हवाच गेली. साडेबारा वाजले. प्रयोग चारला.

देवव्रत सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी किसनला बाजूला घेतलं. "किसनराव, मनाला लावून घेऊ नका. माझ्या लॅपटॉपवर तयार म्युझिक आहे. ते लावू आपण. पत्रिकेत तुमचं नाव राहू दे."

नाव राहू दे! किसनला ते फार लागलं. आठ वर्षांपूर्वी नाव नव्हतं आणि संगीत त्याचं होतं. आता नाव राहणार होतं आणि संगीत जाणार होतं. त्याने दोन वाजेपर्यंतची मुदत मागितली आणि तो उस्मानबरोबर तळघरात उतरला. काय करायला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. माणूस गोंधळला की आपल्या ओळखीच्या जागी जातो, एवढंच.

खाली दोन अवाढव्य यंत्रं चालू होती. काय काम होतं ते! मेकॅनिक म्हणून किसन थक्क झाला आणि संगीतकार म्हणून त्याला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. उस्मान नेहमीप्रमाणे गेजवरचे आकडे टिपत होता आणि टिपता टिपता तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता. किसन आधी ऐकत नव्हता. मग ऐकायला लागला. उस्मान यंत्राच्याच सुरात गुणगुणत होता. दिवसभर त्या यंत्रापाशी राहून तो सूर त्याच्या छातीत जाऊन बसला होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

किसनने त्याला विचारलं, की हाच सूर किती वेळ धरशील.

"आता ह्याला काय सूर बोलायचा?" उस्मान म्हणाला. "दिवसभर चालूच असतो माझा."

किसन उठला. अंदरसूलला तीन वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं? मामांची सनई फिरून यायची, कारण मागे एक पोरगं सूर धरून बसलेलं होतं. यंत्र नंतरचं. आधी माणूसच होता.

वर येऊन त्याने माणसं जमवली. उस्मान, पडदा ओढणारा गिरीश, मेकअप करणारी वल्लरी, सामान हलवणारे दोघे, प्रकाशयोजनेवाल्याची बायको. सहा झाले. तिघे या विंगेत, तिघे त्या विंगेत हवे होते आणि मधे पडद्यामागे एक, दोन्हीकडचा सूर जोडायला. सातवं माणूस मिळेना. किसनने देवव्रत सरांकडे पाहिलं. सरांनी आधी मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं.

दीड तास तालीम चालली. तोंड मिटून सूर धरायचा, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारचा घेत असेल तेव्हा आपण तुटायचं नाही. किसन एकेकाच्या छातीशी कान नेऊन ऐकत फिरत होता. सरांपाशी आला आणि थांबला. सरांचा सूर खाली येत होता. आठ वर्षांत किसनने सरांना एकदाही दुरुस्त केलं नव्हतं.

"सर, जरा वर," तो म्हणाला.

सर वर आले.

चार वाजता पडदा उघडला. बहिणी बॅग भरायला लागल्या आणि कुठूनसा तो सूर सुरू झाला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला सांगितलं म्हणतात, की एवढं नवं सभागृह, पण एसीचा आवाज इथेही आहेच. मग क्लॅरिनेट आलं. गंधारावरून निघालं, फिरलं, आणि त्या सात माणसांच्या सुरावर येऊन असं टेकलं, की नमिताचा हात बॅगेच्या कप्प्यात तसाच थांबला. ते तालमीत ठरलेलं नव्हतं. किसनने तिच्या पाठीकडे बघत सूर लांबवला, तिने श्वास सोडला तेव्हा सोडला. यंत्राचा सूर कधी हलत नाही. हा हलत होता. कोणाचा श्वास संपत आला की किंचित थरथरत होता, दुसरा त्याला सावरत होता. किसन वाजवत होता आणि त्याला कळत होतं, की हे आजवरच्या सगळ्यापेक्षा चांगलं आहे, आणि हे आपलं आहे.

शेवटी नमिताने आईसाठी घेतलेली शाल बॅगेतून काढून बाहेर ठेवली आणि चेन ओढली. किसनने हात वर केला. सातही जण एकदम थांबले. सभागृहात आवाज म्हणून उरला नाही. अशी शांतता किसनला कतारमधल्या कुठल्याच नाटकात वापरायला मिळाली नव्हती. ती त्याने पुरेपूर वापरली. विंगेत जागच्या जागी, पाय न वाजवता, तीस पावलं चालला आणि मगच पडद्याची खूण केली.

एकांकिकेला दुसरं बक्षीस मिळालं, पहिलं मस्कतने नेलं आणि ते योग्यच होतं. पण संगीताच्या बक्षिसाला परीक्षकांनी एकच नाव घेतलं. किसन स्टेजवर गेला. मुंबईहून आलेल्या परीक्षक बाईंनी माइकवरच विचारलं, की तो खालचा आवाज कुठल्या सॉफ्टवेअरवर केला.

"सॉफ्टवेअर नाय बाई, सात माणसं हायेत," किसन म्हणाला, आणि त्याने सातही जणांना वर बोलावलं. देवव्रत सर सगळ्यात शेवटी आले, गर्दीतल्या माणसासारखे, आणि टाळ्या वाजवताना सगळ्यात पुढे होते.

बाईंनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. किसनला बोलायची सवय नव्हती. त्याने माइक दोन्ही हातांत धरला.

"मी वरातीत वाजवलं," तो म्हणाला. "तवा लोकांनी चालताना ऐकलं, नाचताना ऐकलं, जेवताना ऐकलं. प्लांट रूममध्ये वाजवलं, ते कुणी ऐकलंच नाय. बसून ऐकलं ते तुम्ही. लई बरं वाटलं."

एवढं बोलून तो उतरायला निघाला, तर बाईंनी त्याला अडवलं आणि आता एकट्याने काहीतरी वाजवा म्हणाल्या. कार्यक्रम संपला होता. बाहेर बटाटेवड्यांची पाकिटं मांडून झाली होती आणि पार्किंगचा विचार तर सगळ्यांच्याच डोक्यात असतो. किसनने टॉवेलातून क्लॅरिनेट काढलं, सांधे जोडले आणि वाजवायला लागला. कुठलं नाटक नाही, कुठला सीन नाही, नुसतं वाजवत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर वडे गार होऊन गेले. सबंध सभागृहात एक माणूस उठला नाही.